घड्याळाचा सेल घरी बदलताना कुठली हत्यारं वापरलीत? अनुभव लिहा

बाबांचं जुनं क्वार्ट्झ घड्याळ कपाट आवरताना सापडलं. बाबा जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून कुणी हात लावला नव्हता, काटे दहा चाळीसवर थांबलेत. दुकानात द्यायचा धीर होत नाही कारण मागे आईचं घड्याळ एका ठिकाणी दिलेलं ते झाकणावर ओरखडे घेऊन परत आलं. म्हणून घरीच करायचं ठरवलंय. ऑनलाइन बघितलं तर सोळा वस्तूंचा सेट तीनशे-साडेतीनशेला मिळतोय, त्यातल्या निम्म्या कशाला असतात तेही कळत नाही. झाकण गुळगुळीत आहे, स्क्रू नाहीत, कडेला एका जागी नखाएवढी खाच आहे. ज्यांनी घरी केलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, आणि काही बिघडलं असेल तर तेही लिहा, मला त्याचाच जास्त उपयोग होईल.

~~~

खाच आहे म्हणजे दाबून बसवलेलं झाकण. याला फक्त छोट्या जाड पात्याचा चाकू लागतो, घड्याळाचं सामान विकणाऱ्यांकडे केस नाइफ म्हणून मागा. मी पहिल्यांदा स्वयंपाकघरातली सुरी घेतली, पातळ पातं, घुसलं नाही म्हणून जोर लावला आणि ते सटकून थेट डाव्या अंगठ्यात, दोन टाके पडले. तेव्हापासून माझा नियम एकच, ज्या हत्याराचं पातं लांब आणि लवचिक ते या कामाला घ्यायचंच नाही. केस नाइफचं पातं खाचेत टेकवायचं आणि मनगट हळूच पिळायचं, पुढे ढकलायचं नाही, टक् असा आवाज येतो आणि झाकण सुटतं. आधी खाचेच्या आजूबाजूला मास्किंग टेप लावा, ओरखडे येणार नाहीत. पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत बारीक हत्यारं विकणारी दुकानं आहेत, हातात धरून बघून घ्या, मूठ हातात नीट बसली पाहिजे.

~~~

माझा अनुभव डिजिटलचा. कॅसिओ एफ-९१डब्ल्यू, मागे चार बारीक स्क्रू. घरातला मोबाईल उघडायचा स्क्रूड्रायव्हर वापरला, त्याचं टोक झिजलेलं होतं आणि तिसऱ्या स्क्रूची फुलीच खाऊन टाकली, तो स्क्रू शेवटी घड्याळजीकडे जाऊन काढून आणावा लागला. मग ०० नंबरचा चांगल्या स्टीलचा एकच स्क्रूड्रायव्हर घेतला, अख्ख्या सेटपेक्षा महाग पडला पण आज सहा वर्षं झाली, टोक जसंच्या तसं आहे. दोन गोष्टी लक्षात ठेवा. आत केसासारखी एक बारीक स्प्रिंग असते, ती झाकणाला टेकते आणि त्यातूनच बीप वाजतो, ती उडाली तर घड्याळ चालतं पण आवाज गेला. म्हणून पांढऱ्या फडक्यावर, पंखा बंद करून उघडा. दुसरं, नवीन सीआर२०१६ सेल बसवल्यावर डिस्प्ले भलतंच काही दाखवायला लागला तर घाबरू नका, आत एसी असं लिहिलेला छोटा पॉइंट असतो, तो आणि सेलची वरची बाजू धातूच्या चिमट्याने क्षणभर जोडायची, की घड्याळ पहिल्यापासून सुरू होतं. एवढ्या एकाच कामाला धातूचा चिमटा.

~~~

वरच्यांनी धातूच्या चिमट्याचं लिहिलं ते त्या कामापुरतंच बरोबर आहे, सेल काढायला-घालायला तो कधीच नको, कारण दोन्ही बाजू एकदम धरल्या की सेल शॉर्ट होतो. पण मला त्याहून महत्त्वाचं सांगायचंय. काट्यांच्या घड्याळात सेलच्या शेजारीच तांब्याच्या तारेची कॉइल असते, तार केसापेक्षा बारीक. मी बायकोच्या घड्याळाचा सेल स्क्रूड्रायव्हरने उचकत होतो, सेल हलला आणि टोक घसरून त्या कॉइलवर गेलं. दिसायला काहीच झालं नव्हतं, भिंगातून पाहिलं तेव्हा एक तार तुटून वर आलेली दिसली. नवीन सेल घातला, काटा जागचा हलला नाही. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचं घड्याळ ते, फार वाईट वाटलं. पूर्ण मशीन बदलून मिळालं, चालतं, पण आतलं मूळ मशीन गेलं ते गेलंच. आता मी प्लास्टिकचा चिमटा आणि बांबूची टोकदार काडी वापरतो. बांबू घसरला तरी तार तुटत नाही. आणि सेल नेहमी कॉइलच्या विरुद्ध बाजूने उचलायचा.

~~~

माझे वडील सांगलीत घड्याळं दुरुस्त करायचे, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. मी शाळेतून आले की त्यांच्या टेबलाशी बसायचे म्हणून जे पाहिलंय ते लिहिते.

उघडण्यापेक्षा बंद करणं अवघड असतं, सेट घेताना लोक हे विसरतात. दाबून बसणारं झाकण कधीकधी अंगठ्याने बसतच नाही, मग माणूस घड्याळ टेबलावर पालथं ठेवून तळहाताने जोर देतो आणि काच तडकते. अण्णांकडे दाबायचा प्रेस होता, त्याला वेगवेगळ्या मापाच्या नायलॉनच्या चकत्या. खालची चकती अशी निवडायची की ती काचेला न टेकता घड्याळाच्या कवचाच्या कडेला टेकेल, वरची झाकणापेक्षा किंचित लहान. तेव्हा सेट घेणार असाल तर आधी त्यात प्रेस आणि चकत्या आहेत का बघा, बाकी पंधरा वस्तू नसल्या तरी चालतील. दाबण्याआधी झाकणाच्या आतल्या कडेला असलेली खाच चावीच्या दांड्यासमोर आली का तेही बघा, नाही आली तर कितीही दाबा, बसणार नाही. रबरी वॉशर चेपला किंवा चिकट झाला असेल तर बदला, चांगला असेल तर सिलिकॉन ग्रीसचं अगदी पुसट बोट फिरवा.

सेलचं म्हणाल तर जुन्याचा नंबर वाचल्याशिवाय नवीन आणू नका. ३७७ म्हणजेच एसआर६२६एसडब्ल्यू, सिल्व्हर ऑक्साइडचा, १.५५ व्होल्ट. त्याच मापाचा एजी४ स्वस्तात मिळतो आणि बसतोही, पण तो अल्कलाइन, त्याचा दाब हळूहळू उतरत जातो आणि पुढे गळायची भीती. अण्णा म्हणायचे, सेल मेला की लगेच काढा, मेलेला सेलच मशीन खातो. सेल बोटाने धरायचा नाही, घाम लागतो, धरलाच तर फडक्याने पुसून बसवायचा. आणि झाकणाच्या आत बारीक कोरलेलं काही दिसलं तर घासू नका, अण्णा सेल घातल्याची तारीख तिथे कोरून ठेवायचे, बरेच घड्याळजी ठेवतात.

~~~

आटे असलेलं झाकण असेल तर, म्हणजे कडेने सहा खाचा, त्याला तीन पायांचा पाना मिळतो. मी मालवणचा, समुद्रात घालायचं घड्याळ. स्वस्त पान्याचे पाय ढिले होते, जोर लावल्यावर एक पाय सुटला आणि झाकणावर खोल चरा उमटला. नंतर रबराचा चिकट बॉल घेतला, दाबून फिरवला की फार घट्ट नसलेलं झाकण सुटतं आणि चरा पडायचा प्रश्नच नाही. आधी बॉल वापरून बघा, नाहीच सुटलं तर पाना. पण घरी उघडलेलं घड्याळ घालून पाण्यात उतरू नका. दुकानात प्रेशर टेस्ट करून घ्यावीच लागते, हे घरी होत नाही.

~~~

एक छोटंसं. घड्याळ सोलरवर चालणारं असेल तर आत रिचार्ज होणारा सेल असतो, तिथे साधा सेल बसवू नका. आधी दोन दिवस खिडकीत उजेडात ठेवून बघा. मी विनाकारण उघडलं होतं, ते नुसतं उपाशी होतं.

~~~

घरात लहान मूल असेल तर कृपा करून जुना सेल टेबलावर ठेवून फोन घ्यायला उठू नका. मुलगी दीड वर्षाची होती, मी वळून पाहिलं तर सेल तिच्या मुठीत. तोंडात गेला नव्हता. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजतं, सीआर२०३२सारखे मोठे लिथियमचे सर्वात वाईट. गिळल्याची नुसती शंका आली तरी लगेच हॉस्पिटल, शीतून बाहेर पडायची वाट बघायची नाही. माझ्या हत्यारांच्या डब्यात आता घट्ट झाकणाची एक बाटली असते, जुना सेल निघाला की दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून आधी बाटलीत.

~~~

धागा मीच काढला होता, आज झालं. सेट नाही घेतला. केस नाइफ, प्लास्टिकचा चिमटा, भिंग आणि छोटा प्रेस एवढंच आणलं. टेप लावली, पातं टेकवलं, चार वेळा काही नाही, पाचव्यांदा टक् झालं आणि माझे हात थरथरायला लागले, पाच मिनिटं नुसती बसून राहिले. सेल ३७७च होता, कडेला पांढरी बुरशी धरल्यासारखं दिसत होतं पण मशीनपर्यंत पोचलेलं नाही. नवीन बसवला, सेकंदकाटा दर सेकंदाला पुढे जातोय, दुपारपासून मोबाईलशी लावून बघतेय.

सांगलीच्या ताई, तुम्ही लिहिलंत म्हणून भिंगाने झाकण आतून पाहिलं. तीन तारखा आहेत, सगळ्यात खालची १४-६-१९. बाबा तेव्हा रिटायर झाले होते. मी सुईने त्याखाली आजची कोरली.

पट्टा मात्र कुजलाय, त्याची पिन आत रुतून बसलीय. ती ढकलायला कुठलं हत्यार घ्यावं, दोन टोकांचं की एका टोकाचं?