मदत हवी आहे: झेड बोसॉनच्या क्यूटी आलेखात लहान क्यूटीला लॉग आवरत नाहीत

गोदाकाठ (नांदेड):
प्रोटॉन-प्रोटॉन टक्कर, १३ टीईव्ही. झेडच्या ट्रान्सव्हर्स मोमेंटमचा (क्यूटी) आलेख अल्फा-एसच्या (तीव्र बलाची ताकद) पहिल्या ऑर्डरला काढलाय. ३० जीईव्हीच्या वर ठीक. खाली उसळत जातो आणि ०–१ जीईव्हीचा बिन ऋण येतो. इव्हेंट वाढवूनही तेच. एनएलएल रिसमेशन (मोठे लॉग सगळ्या ऑर्डरला एकत्र बेरजेत घेणं) स्वतः लिहिलं, तर इंटिग्रल मोठ्या बी ला (क्यूटीचा फूरिये जोडीदार) फुटतो आणि मॅचिंगही (रिसमेशन पहिल्या ऑर्डरच्या आलेखाशी जोडणं) जुळत नाही. सर, कुठून तपासू? क्लस्टर नाही, लॅपटॉपच आहे.

मांजरा (लातूर):
ऋण बिन हा कोडचा दोष नाही. मृदू आणि समरेख ग्लुऑनमुळे प्रत्येक अल्फा-एसमागे लॉगचे दोन घात येतात. आकडे घालून बघा. अल्फा-एस ०.११८, क्यूटी १ जीईव्ही. एल म्हणजे एम-वर्ग (एम हे झेडचं वस्तुमान) भागिले क्यूटी-वर्ग याचा लॉग, ९.०३. सुडाकोव्ह घातांकातली (रिसमेशनमध्ये हे लॉग त्यात जमतात) मुख्य, म्हणजे ए-१ ची संज्ञा, अल्फा-एस गुणिले सीएफ (क्वार्कचा रंग-गुणक, ४/३) भागिले २ पाय गुणिले एल-वर्ग, २.०४ भरते. एकेरी लॉगचा गुणक बी-१ (उणे ३/२ सीएफ) त्यातले ०.६८ खातो, उरतात १.३६. पीडीएफची (प्रोटॉनमधल्या क्वार्क-ग्लुऑनचं वाटप) उत्क्रांती वेगळी. पहिल्या ऑर्डरला तुमचा कोड १ उणे १.३६ करतो, म्हणून ऋण. घातांकी रूपात तेच ०.२६ होतं. ३० जीईव्हीला मुख्य संज्ञा जेमतेम ०.१२, त्यामुळे तिथे त्रास दिसत नाही.

इंटिग्रल फुटतो तो लँडाऊ पोलमुळे (कमी स्केलला अल्फा-एस अनंत होतो ती जागा). बी च्या जागी बी-स्टार घाला: बी भागिले वर्गमूळ (१ अधिक बी-वर्ग भागिले बीमॅक्स-वर्ग). बीमॅक्स ०.५ प्रति जीईव्ही असेल तर स्केल २.२५ जीईव्हीच्या खाली जात नाही. १.५ ठेवलात तर ०.७५ पर्यंत उतरतो, पीडीएफची ग्रिड बहुधा त्याआधीच संपते, आणि एलएचएपीडीएफ (पीडीएफ वाचणारी लायब्ररी) गुपचूप ग्रिडबाहेरचे आकडे देत राहतं. आलेखातले विचित्र हेलकावे बरेचदा तिथलेच असतात.

ए-२ (मुख्य संज्ञेचा पुढच्या ऑर्डरचा गुणक) सुद्धा तपासा. अल्फा-एस भागिले पाय या मोजणीत तो सीएफ गुणिले के भागिले २. पाच फ्लेवरला के ३.४५. पेपरांत कुठे २ पाय, कुठे ४ पाय असतं, आणि दोनची चूक इथेच शिरते.

बालाघाट (बीड):
मॅचिंगसाठी एक चाचणी कराच. फिक्स्ड ऑर्डरमधून रिसमेशनचा त्याच ऑर्डरपर्यंतचा विस्तार वजा करा, क्यूटीने गुणा आणि लॉग क्यूटीसमोर १० पासून ०.५ पर्यंत आलेख काढा. तो शून्याकडे गेला पाहिजे. तिरकी रेघ दिसली तर ए-१ चुकलाय. आडवी पण शून्यावर नसलेली रेघ दिसली तर बी-१ किंवा पीडीएफ आणि स्प्लिटिंग फंक्शनचं (एका कणाचे दोन होण्याची शक्यता सांगणारं) कन्व्होल्यूशन चुकलंय. क्वार्क-ग्लुऑन चॅनेल सर्रास विसरतात; त्यात एकेरी लॉगच असतो, त्यामुळे चूक लवकर नजरेत येत नाही. विस्तारात बी-स्टार किंवा गॉसियन (मोठ्या बी साठी घालतात तो गुणक) घालू नका. पीडीएफ संच आणि दोन्ही स्केल (रिनॉर्मलायझेशन आणि फॅक्टरायझेशन) तिन्ही तुकड्यांत (फिक्स्ड ऑर्डर, रिसमेशन, विस्तार) एकच हवेत.

लॅपटॉपवर भागेल. बेसेलच्या इंटिग्रलला ओगाटा पद्धत (हेलकावणाऱ्या इंटिग्रलसाठीची) वापरा, कन्व्होल्यूशन बी च्या ग्रिडवर एकदाच काढून ठेवा. वेगासची (मॉन्टे कार्लो इंटिग्रेटर) ग्रिड दर फेरीनंतर फाईलमध्ये लिहा, लाईट गेली तर सगळं पुन्हा नको.

गोदाकाठ:
आडवी रेघच येतेय, सर. क्वार्क-ग्लुऑन चॅनेल विस्तारात नव्हता. तो घालून पुन्हा चालवतो.

बालाघाट:
घाला. तरी रेघ राहिली तर दोन्ही बाजूंचा फॅक्टरायझेशन स्केल (पीडीएफ ज्या स्केलला वाचता तो) छापून बघा.