खंभातचा जुना नकाशा आजच्या चित्रावर बसत नाही: गाव चार किलोमीटर पूर्वेला का जातं?

रावपुऱ्याचा_भटक्या

मंडळी, खंभातच्या जुन्या बंदराचा माग नकाशांवरून काढायचा आहे. हाताशी सर्व्हे ऑफ इंडियाच्या एकोणिसाव्या शतकाअखेरच्या शीटचं स्कॅन आहे, एक इंचाला एक मैल. क्यूजीआयएस या नकाशा-सॉफ्टवेअरच्या जिओरेफरन्सरमध्ये (जुना नकाशा खऱ्या जागी बसवण्याचं साधन) चार कोपऱ्यांना शीटवर छापलेले अक्षांश-रेखांश दिले. एरर, म्हणजे बिंदू बसवण्यातली चूक, जवळजवळ शून्य. तरी उपग्रहचित्रावर टाकलं की अख्खं गाव चारेक किलोमीटर पूर्वेला! दुसरं म्हणजे, शीटवर पाण्याची रेघ गावाला लगटून आहे आणि आजच्या चित्रात तिथे नुसता चिखल. ती रेघ कितपत खरी धरायची? मूळ कागद कापडावर तुकडे चिकटवलेला, घडीचा आहे. त्याने काही बिघडतं का?

सूरसागर_काठ

"चार किलोमीटर पूर्वेला" म्हणालात तिथेच दुखणं कळलं. त्या काळच्या शीटांचे रेखांश मद्रास वेधशाळेच्या रेखांशावरून काढलेले असत, आणि तो २ मिनिटं २७ सेकंदांनी जास्त धरला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती दुरुस्ती झाली. शीटचा समास भिंगाखाली धरा, पुष्कळदा ही वजाबाकी बारीक अक्षरात छापलेली असते. खंभातच्या अक्षांशावर रेखांशाचा एक सेकंद सुमारे २८.६ मीटरचा, म्हणजे १४७ सेकंदांचे झाले ४.२ किलोमीटर. तुमचा आकडा तंतोतंत हाच.

चारही कोपऱ्यांच्या रेखांशातून ०.०४०८३ अंश वजा करा, अक्षांशाला हात लावू नका. त्यानंतरही गाव नव्वदेक मीटर सरकलेलं दिसेल, कारण शीट एव्हरेस्टच्या गोलावर (पृथ्वीच्या आकाराचं जुनं माप) आहे आणि उपग्रहचित्र डब्ल्यूजीएस ८४ या आजच्या मापावर. त्यासाठी जिओरेफरन्सरमध्ये ईपीएसजी ४१४६ (भारतातल्या त्या जुन्या मापाचा सांकेतिक क्रमांक) निवडा, पुढचं रूपांतर सॉफ्टवेअर करतं. बहुतेक जण सवयीने ४३२६ (डब्ल्यूजीएस ८४ चा क्रमांक) देतात आणि मग नकाशाच चुकीचा म्हणून ओरडतात.

एरर शून्य आली यावर जाऊ नका. चार कोपरे एकमेकांशी जुळतात, एवढंच ती सांगते. चौघेही मिळून चुकले तरी ती शून्यच राहणार.

मोजणीदार_निवृत्त

कापडाचं मी सांगतो. घडी पडावी म्हणून कागद कापून तुकड्यांमध्ये फट ठेवलेली असते. फट २ मिलिमीटर धरली तर या प्रमाणावर ती १२७ मीटर झाली. आडवे चार तुकडे, तीन फटी, म्हणजे जवळपास ३८० मीटर. कोपऱ्यांवरून बसवलंत की ही जागा शीटभर वाटली जाते आणि तुकड्यातलं प्रत्येक अंतर त्या प्रमाणात आकसतं. त्यामुळे प्रत्येक तुकडा वेगळा कापून वेगळाच बसवा. तुकड्यामागे सहा बिंदू घ्या आणि पॉलिनॉमियल १ (तुकडा न वाकवता सरळ ताणून-फिरवून बसवणारी पद्धत) ठेवा. तीन बिंदूंवरही ते चालतं, पण मग चूक पकडायला जास्तीचा बिंदूच उरत नाही. थिन प्लेट स्प्लाइनच्या (नकाशा रबरासारखा ताणणारी पद्धत) नादी लागू नका. ते प्रत्येक बिंदूतून जातंच, त्यामुळे एखादा बिंदू भलतीकडे टोचला गेला तरी एररमध्ये पत्ता लागत नाही.

स्कॅन ४०० डीपीआयचं (इंचाला ४०० ठिपके) असेल तर एक पिक्सेल ४ मीटरचा. शाईची रेघ पाव मिलिमीटर जाड असली तरी जमिनीवर १६ मीटर. तेव्हा ३० मीटरच्या आतल्या फरकावर वाद घालण्यात अर्थ नाही. मोबाइलने काढलेला फोटो असेल तर आधी सपाट स्कॅन मिळवा. कडांची वक्रता नंतर निघता निघत नाही.

गल्लीपर्यंत उतरायचं असेल तर ही शीट पुरी पडणार नाही, गावठाणासाठी सिटी सर्व्हेचे नकाशे बघावे लागतील. आसपासच्या शेतांसाठी गावनकाशे. मुंबई इलाख्यातल्या गावनकाशांचं नेहमीचं प्रमाण १ इंचाला ६६० फूट, पण मोजणीची साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांत विभागलेली. इंग्रजी पुस्तकातली ६६ फुटांची साखळी धरलीत की प्रत्येक अंतर दुप्पट. आणि क्षेत्र विघ्यात (जमिनीचं स्थानिक माप) लिहिलेलं असेल तर कुठला विघा ते आधी विचारा. तो गावागणिक बदलतो.

दांडियाबाजार_४

बिंदू कुठले घ्यायचे ते राहिलंच. जामा मशीद (१३२५ ची, जागची हललेली नाही), दगडी काठाच्या तलावांचे कोपरे, रेल्वे स्टेशन. खाडीचं वळण किंवा मही नदीचा काठ चुकूनही नको, तिथली जमीनच फिरती आहे.

मोजणीदार_निवृत्त

स्टेशन कसं चालेल? पेटलादहून खंभातला रेल्वे आली १९०१ मध्ये, शीट त्याआधीची. लोहमार्ग नाही हाच उलट शीटच्या काळाचा पुरावा. स्टेशनाऐवजी तीन गावांच्या शिवा (हद्दी) मिळतात ते बिंदू घ्या. महसुली शिवा रस्त्यांपेक्षा कितीतरी कमी बदलतात.

दांडियाबाजार_४

बरोबर, स्टेशन मागे घेतो.

खाडीपलीकडे

आता पाण्याच्या रेघेचं. टोपोशीटवरची रेघ भरतीची असते. आरमारी तक्त्यावरची (जहाजांसाठीच्या समुद्राच्या नकाशावरची) खोली ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली असते, फॅदममध्ये, म्हणजे आपल्या वावेत (६ फूट). खंभातच्या आखातात भावनगरजवळ मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या वर जातो, आणि तळ ताटासारखा सपाट. त्यामुळे या दोन रेघांमध्ये काही किलोमीटर सहज पडतात. तुमच्या चित्रातला चिखल हा गाळाने भरलेलं बंदर असू शकतो, नाहीतर चित्र नुसतं ओहोटीला टिपलेलं असू शकतं. चित्राची तारीख-वेळ पाहून त्या दिवसाच्या भावनगरच्या भरतीच्या वेळांशी ताडा, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीच्या आसपासचं चित्र शोधा. भरतीची भरतीशी तुलना केली तरच रेघ सरकली असं म्हणता येईल.

मधल्या काळासाठी १९६० ते १९७२ ची अमेरिकेची कोरोना हेरगिरी-चित्रं आता खुली आहेत, आणि १९७२ पासून लँडसॅट उपग्रहांची चित्रं आहेत. कोरोनाच्या नंतरच्या कॅमेऱ्यांची चित्रं दोनेक मीटरपर्यंत स्पष्ट, पण पट्टीच्या टोकांना वाकलेली, म्हणून बिंदू भरपूर लागतात. सुरुवातीचं लँडसॅट भरड, त्यावरून किनाऱ्याचा अंदाजच घ्यायचा.

बंदर शोधताना गावाच्या भिंतीशीच डोळे लावून बसू नका. सोळाव्या-सतराव्या शतकातच मोठी जहाजं आखातापलीकडे घोघा बंदरात थांबत आणि माल लहान होड्यांतून, भरती साधून, खंभातला येई. तेव्हा तक्त्यावर घोघ्यापासूनची खोल पाण्याची वाट आखा. दोन वेगळ्या काळांतले तक्ते मिळाले तर वाट कुठे सरकली तेही दिसेल. प्रत्यक्ष जाणार असाल तर ओहोटीला चिखलात आत चालत जायचं नाही. इथली भरती भिंतीसारखी येते आणि चिखलातून पाय निघत नाही.

सूरसागर_काठ

एक पुरवणी. आपण बडोदेकर म्हणून सवयीने मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा ७वा खंड (१८८३) उघडतो. तो बडोदे राज्याचा, त्यात पेटलाद सापडेल. खंभात नवाबाचं वेगळं संस्थान, ते ६व्या खंडात (१८८०) आहे. बडोद्याचे राज्य-नकाशे चाळतानाही हे लक्षात ठेवा. संस्थानी नकाशा हद्दीबाहेर हात आखडता घेतो. तिथे कोरं दिसलं म्हणजे गावच नव्हतं असं नाही. इंग्रजी साहित्यात 'कॅम्बे' शोधा, मोडी कागदांत 'खंबायत'.

रावपुऱ्याचा_भटक्या

०.०४०८३ वजा केलं, ४१४६ दिलं. जामा मशीद आता आजच्या छपरापासून साधारण ४० मीटरवर पडते. समासात ती वजाबाकीची ओळ खरंच होती, घडीच्या रेघेखाली दबलेली. आता तुकडे वेगळे करायला घेतो. याच भागाची सर्व्हे ऑफ इंडियाची आजची शीट ४६ बी/११ च ना?

मोजणीदार_निवृत्त

हो, तीच. महीचं मुख हवं असेल तर खालची ४६ बी/१२ पण जोडून घ्या.