मदत हवी आहे: १९४२ च्या वर्धा ठरावाचा मराठी मजकूर कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. १४ जुलै १९४२ ला वर्ध्यात काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी सत्ता सोडावी असा ठराव केला. त्यावर ८ ऑगस्टला मुंबईत महासमितीने शिक्कामोर्तब केलं आणि दुसऱ्याच दिवशी धरपकड. नेहरू, पटेल, आझाद, आपले शंकरराव देव असे बहुतेक सदस्य अहमदनगरच्या किल्ल्यात. इंग्रजी मजकूर सहज सापडतो. मला त्या दिवसांतली मराठी वर्तमानपत्रं हवी आहेत.

आजोबांच्या वहीत खळीनं चिकटवलेलं एक कात्रण आहे, कडा पार पिवळ्या पडलेल्या. त्यात ठरावाच्या फक्त चार ओळी उरल्यात. पेपरचं नाव फाटून गेलंय. कोल्हापूर तेव्हा संस्थान, इथली चळवळ प्रजा परिषदेच्या नावानं चालायची. तरी कार्यकारिणीचा शब्द इथवर कसा पोचला, हे मला मनापासून समजून घ्यायचंय.

करवीर नगर वाचन मंदिर किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात १९४२ चे अंक बघायला मिळतात का? परवानगी कुणाकडे मागायची, फोटो काढू देतात का? कुणाच्या घरी जुने गठ्ठे असतील तर येऊन बघेन, पानं जपून हाताळेन. कृपया कळवा.