मदत हवी आहे: पाच जणांसाठी आरोग्यविमा, एकच फ्लोटर (सर्वांना मिळून एकच विमा रक्कम) की दोन वेगळ्या पॉलिसी?

राहणार नाशिक. मी ३८, पत्नी ३६, मुलगी ७, वडील ६६, आई ६२. वडिलांना २०१६ पासून मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत, इन्सुलिन नाही. आईचे गुडघे दुखतात, बाकी तब्येत बरी आहे. माझ्या कंपनीचा ५ लाखांचा गट विमा आहे, पण त्यात आईवडील नाहीत.

समोर दोन पर्याय आहेत:
अ) पाचही जणांचा मिळून १५ लाखांचा फ्लोटर.
ब) आम्हा तिघांचा १० लाखांचा फ्लोटर आणि आईवडिलांची ५ लाखांची वेगळी पॉलिसी. हिच्यात खोलीभाड्याला रोज विमा रकमेच्या १ टक्का मर्यादा आणि २० टक्के को-पे (दाव्यातला तेवढा वाटा आपण भरायचा) आहे.

एजंटचं म्हणणं, "शुगरचं लिहू नका, हप्ता वाढेल." हप्त्यापलीकडे नक्की काय तपासायचं? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ (गोदाकाठ)
पर्याय अ नको. फ्लोटरचा हप्ता घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो, म्हणजे तुमच्या मुलीच्या संरक्षणाचाही भाव ६६ वर्षांच्या हिशेबाने लागेल. शिवाय रक्कम सामायिक. वडिलांच्या एका मोठ्या ऑपरेशनमध्ये ती संपली की वर्षअखेरपर्यंत तुम्ही तिघे उघडे. रिस्टोअरची (संपलेली रक्कम पुन्हा भरून मिळण्याची) सोय असेल तर ती त्याच आजारासाठी, त्याच माणसाला मिळते का, हे कलम वाचल्याशिवाय कळत नाही.

कंपनीचा गट विमा नोकरीबरोबर जातो, त्यामुळे स्वतःची पॉलिसी आत्ताच सुरू करा. प्रतीक्षाकाळ (सुरुवातीची मुदत, जिच्यात ठरावीक आजारांचा दावा मिळत नाही) तब्येत धडधाकट असताना संपलेला बरा.

कोटेशन जुनं असेल तर नवं मागून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फ्लोटर आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी रद्द झाला आहे.

प्रतिसाद २ (हिशेबी)
तुमच्या पर्याय ब मध्ये खरा धोका आहे तो खोलीभाड्याच्या मर्यादेत. बहुतेकांना वाटतं की वरचं भाडं तेवढं आपण भरलं की झालं. तसं होत नाही. आकडेच मांडतो.

५ लाखांचा १ टक्का म्हणजे रोज ५,००० ची खोली. समजा, घेतली ८,००० ची, चार दिवस. भाडं ३२,०००. सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग मिळून १,६०,०००. औषधं, तपासण्या, इम्प्लांट १,१०,०००. एकूण बिल ३,०२,०००.

पात्रता ८ पैकी ५, म्हणजे ६२.५ टक्के. भाड्याचे मिळणार २०,०००. सर्जन वगैरेंचे १,६०,००० पण त्याच प्रमाणात कापले जाऊन १,००,००० होतात. औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूच्या खर्चावर ही प्रमाणशीर कपात करता येत नाही, म्हणून १,१०,००० पूर्ण. बेरीज २,३०,०००. त्यावर २० टक्के को-पे, म्हणजे हातात १,८४,०००. खिशातून गेले १,१८,०००, आणि ग्लोव्हज-मास्कसारख्या कन्झ्युमेबल्सची कपात अजून धरलेलीच नाही.

याचं कारण रुग्णालयांच्या दरपत्रकात आहे. अनेक ठिकाणी खोलीचा वर्ग बदलला की सर्जनची फीसुद्धा बदलते. जिथे खोलीनुसार दर बदलत नाहीत, तिथे कंपनीला अशी कपात लावता येत नाही. दाव्यात कपात झालीच तर हा मुद्दा लेखी मांडा.

आईवडिलांसाठी खोलीभाड्याची मर्यादा नसलेली, निदान 'सिंगल प्रायव्हेट रूम' असं शब्दांत लिहिलेली योजना शोधा. को-पे एक वेळ परवडतो, कारण तो आधी मोजता येतो. ही कपात डिस्चार्जच्या वेळी कळते.

प्रतिसाद ३ (कलमवाचक)
एजंटचा सल्ला अजिबात ऐकू नका, हे कळकळीने सांगतो. दाखल झाल्यावर डॉक्टर केस पेपरवर पहिल्या पानावर लिहितात, "मधुमेह, दहा वर्षांपासून." तोच कागद विमा कंपनीकडे जातो. मग दावा तर नाकारला जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते.

खरं लिहिलं तर काय होईल? हप्ता थोडा चढेल, एचबीएवनसीची (साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी) तपासणी मागतील, आणि मधुमेहाशी संबंधित उपचारांना प्रतीक्षाकाळ लागेल. २०२४ च्या नियमांनुसार तो जास्तीत जास्त ३ वर्षांचा असतो, पूर्वी ४ होता. सलग ६० महिने पॉलिसी चालली की माहिती लपवल्याचं कारण देऊन दावा नाकारता येत नाही, मात्र फसवणूक सिद्ध झाली तर ही सवलत नाही.

प्रपोजल फॉर्म (विम्याचा अर्ज) एजंटच्या मोबाइलवर भरला जातो आणि तुमच्याकडे फक्त ओटीपी मागतात. तो देण्याआधी आजारांची प्रश्नावली स्वतः वाचा. पॉलिसी आली की सोबतची फॉर्मची प्रत उघडून मधुमेहासमोर 'होय' आहे ना ते पाहा. चूक असेल तर लगेच ईमेलने कळवा, ३० दिवसांत पॉलिसी परतही करता येते.

आईंच्या गुडघ्यांचंही लिहा. सांधेबदल, मोतीबिंदू, हर्निया यांना आजार आधीपासून नसला तरी वेगळा प्रतीक्षाकाळ असतो, साधारण २ वर्षांचा.

धागाकर्ता
खूप आभार. आमच्या तिघांसाठी १० लाखांच्या फ्लोटरऐवजी ५ लाखांचा घेऊन वर टॉप-अप (ठरावीक रकमेच्या वरचा खर्च देणारी जोड पॉलिसी) चालेल का?

प्रतिसाद ४ (हिशेबी)
चालेल, पण सुपर टॉप-अप घ्या. समजा डिडक्टिबल (ज्या रकमेच्या वर टॉप-अप लागू होतो ती) ५ लाख आणि वर्षात ४-४ लाखांची दोन बिलं झाली. साधा टॉप-अप प्रत्येक बिल वेगळं बघतो, त्यामुळे काहीच देणार नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज धरतो आणि वरचे ३ लाख देतो.

वडील ७० चे झाले की सरकारी आयुष्मान भारत योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. त्याला उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, आणि खाजगी पॉलिसी असली तरी चालतं.

प्रतिसाद ५ (गोदाकाठ)
पैसे भरण्यापूर्वी आणखी एक. नाशकात ज्या दोन-तीन रुग्णालयांत तुम्ही खरोखर जाल, तिथल्या टीपीए डेस्कला (विम्याचे दावे हाताळणारा कक्ष) फोन करून विचारा: या कंपनीचं कॅशलेस सध्या चालू आहे का, आणि सिंगल रूमचा दर किती? कंपनीच्या यादीत नाव असूनही करार थांबलेला असू शकतो. मिळालेले दर इथे टाका, मग रक्कम किती घ्यायची ते ठरवू.