टेक्सासात मेडिकेड वाढवायला काउंटी काय करू शकते?

प्रश्न: आमच्या ऑफिसात सफाईला येणाऱ्या बाईंशी बोलणं झालं, दोन ठिकाणी राबतात पण इन्शुरन्स कुठलाच नाही, मेडिकेडचा (गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचा) अर्ज नाकारला. एवढा कमी पगार असून कसं काय नाकारतात? आणि काउंटीने (म्हणजे जिल्ह्याच्या स्थानिक सरकारने) मेडिकेड वाढवा असा ठराव केला तर खरंच काही फरक पडतो का?

उत्तर १: २०१० च्या ओबामाकेअर कायद्यात गरिबीरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंतच्या प्रौढांना मेडिकेड मिळणार होतं, पण २०१२ ला सुप्रीम कोर्टाने ते राज्यांच्या मर्जीवर सोडलं आणि टेक्सासने घेतलंच नाही. इथे मुलं नसलेला धडधाकट माणूस कितीही गरीब असो, मेडिकेड नाही, आणि रेषेच्या खाली म्हणून मार्केटप्लेसवर (इन्शुरन्स विकत घ्यायच्या सरकारी बाजारात) मिळणारी सबसिडीपण नाही. फार वाईट वाटतं हे बघून.

उत्तर २: निर्णय राज्याचाच, पण भुर्दंड काउंटीला! इन्शुरन्स नसलेले लोक जिथे जातात त्या डॅलसचं पार्कलँड, ह्यूस्टनकडचं हॅरिस हेल्थ या सरकारी हॉस्पिटलांना आपल्या प्रॉपर्टी टॅक्सचा मोठा आधार आहे, आणि मेडिकेड वाढवलं तर नव्या लोकांच्या खर्चातला ९० टक्के वाटा केंद्र देतं. त्यामुळे काउंटीने ठराव करून आमदारांना हिशोब दाखवला तर त्याला वजन येतं, असं माझं ठाम मत.

उत्तर ३: नॉर्थ कॅरोलायनातही वर्षानुवर्षं अडलं होतं, शेवटी १ डिसेंबर २०२३ पासून चालू झालं, त्यामुळे पाठपुरावा सोडू नका, कमिशनर्स कोर्टाच्या (काउंटीचा कारभार बघणाऱ्या मंडळाच्या) मीटिंगला जाऊन बोला. आणि ताईंना काउंटी हॉस्पिटलच्या आर्थिक मदतीचा फॉर्म आत्ताच भरायला सांगा, पगाराच्या स्लिपा आणि पत्त्याचा पुरावा जवळ ठेवा म्हणावं.