टाक्याला इंग्रजीत काय म्हणायचं?

ताई, वारसा-जतनाचा इंग्रजीचा धडा मुलं नुसता पाठ करतात, हे तुमचं म्हणणं अगदी पटलं. माझ्या वर्गातही तेच व्हायचं. मग पावसाळा संपल्यावर नववीच्या मुलांना लोहगडावर नेलं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी हा एक.

काम एकच दिलं: गडावरच्या पाण्याच्या टाक्याबद्दल परदेशी पाहुण्याला पाच वाक्यांत सांगा. नुसतं ‘टँक’ म्हटलं तर त्याला रणगाडा वाटेल, यावर अर्धा तास वाद रंगला! शेवटी ‘रॉक-कट सिस्टर्न’वर एकमत झालं. मग ‘वॉज बिल्ट’ की ‘वॉज कट’? टाक्याच्या काठावर बसून कातळावरून हात फिरवला आणि मुलांनीच सांगितलं, ‘सर, हे बांधलेलं नाही, खोदलंय.’ कर्मणी प्रयोग इतका पक्का फळ्यावर कधीच झाला नव्हता.

एक मात्र करा, माची, बुरूज यांचं ओढूनताणून भाषांतर करायला लावू नका. शब्द तसाच ठेवून पुढे समजावू द्या. आमच्या एका मुलीने लोहगडाच्या लांब, चिंचोळ्या डोंगरसोंडेचं ‘विंचूकाटा’ हे नाव तसंच ठेवलं आणि पुढे लिहिलं, ‘इट लुक्स लाइक अ स्कॉर्पियन्स टेल.’