तातडीने मदत हवी आहे: बर्फात अडकलोय, गुरुवार रात्रीपर्यंत मुंबई गाठायची आहे

मुलुंडची_सई
कालपासून बर्फ थांबायचं नाव घेत नाहीये. आजचं विमान रद्द झालं. एअरलाइनचा माणूस म्हणतो पुढच्या सीट्स थेट रविवारी. एजंट फोन उचलत नाही. मुलांच्या स्कीइंगच्या क्लासचे पैसे भरलेत, ते नंतर बघू. आधी इथून बाहेर कसं पडायचं ते सांगा. ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच लिहा, प्लीज. फार घाई आहे.

पार्लेकर७
कुठे अडकलाय ते सांगा ना! मनाली, औली, की परदेशात? किती जण आहात?

भटक्या_बाबा
मनालीच असणार. भुंतरच्या विमानाच्या नादी लागू नका. व्होल्वो पकडा, मंडीमार्गे चंदीगड गाठा, तिथून मुंबईची भरपूर विमानं आहेत. आम्ही दर वेळी असंच करतो.

नीलांबरी
युरोपातून सुटणारं विमान असेल तर हवामानामुळे रोख भरपाई मिळत नाही, पण राहण्या-जेवणाची सोय एअरलाइनलाच करावी लागते. पावत्या फेकू नका. व्हिसासाठी काढलेल्या विम्याची पॉलिसीही उघडून बघा, विलंबाचं कलम असतं त्यात.

मुलुंडची_सई
अहो गुलमर्ग! विमान श्रीनगरहून होतं. आम्ही सहा जण, सोबत सासरे आहेत. गुलमर्ग-टंगमर्ग रस्ता सकाळपासून बंद आहे. चंदीगड आणि युरोपचं काय करू मी?

घाटवाला
आता कळलं. दोन टप्प्यांत विचार करा. गुलमर्ग ते टंगमर्ग १३ किमीचा घाट आहे. बर्फ उपसणारं यंत्र फिरलं की आधी फोर बाय फोर आणि चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्या सोडतात. श्रीनगरहून केलेली साधी इनोव्हा वर येणारच नाही, तिची वाट बघत बसू नका. हॉटेलवाल्याला सांगून साखळीवाली स्थानिक गाडी आजच ठरवून ठेवा. टंगमर्गच्या खाली रस्ता बराच सोपा आहे.
दुसरा टप्पा श्रीनगर ते जम्मू. विमानाचा नाद सोडून रेल्वे पकडा. जून २०२५पासून श्रीनगर-कटरा वंदे भारत सुरू झाली आहे, साधारण तीन तासांत कटऱ्याला उतरवते. कटरा ते जम्मू विमानतळ साधारण ५० किमी, टॅक्सी मिळते.

डोंबिवली_फास्ट
सरळ गाडी करून हायवेने जम्मूला या. रेल्वेचं रिझर्वेशन आत्ता कुठून मिळणार? विमानं रद्द झाली की सगळे तिकडेच धावतात.

घाटवाला
हा सल्ला कृपया देऊ नका. सोबत वयस्कर माणूस आहे. बर्फ असला की बनिहालची बाजू बंद होते, खाली रामबनला दरडी येतात. अडकले तर रात्र गाडीत काढावी लागते. काश्मीरमधून बाहेर पडायचा दुसरा रस्ता, मुघल रोड, तोही हिवाळ्यात बंद असतो.

डोंबिवली_फास्ट
मी स्वतः आलोय त्या रस्त्याने. काही होत नाही. पेट्रोल भरून, खायचं घेऊन निघायचं.

पार्लेकर७
कुठल्या महिन्यात आला होतात?

डोंबिवली_फास्ट
एप्रिल. पण रस्ता तोच आहे ना.

हवामानवेडा
हे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे हिवाळ्यात पाऊस-बर्फ आणणाऱ्या वादळी प्रणाली, भूमध्य समुद्राकडून येतात आणि बहुधा एकामागोमाग येतात. सध्या चिल्लई कलान चालू आहे, २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, काश्मीरमधली सगळ्यात कडक थंडी. पण खरं सांगू? हा बर्फ पडतोय याचा आनंद माना. जानेवारी २०२४मध्ये गुलमर्गचे उतार कोरडे होते, आणि फेब्रुवारी २०२५मध्ये बर्फ नाही म्हणून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या. तिथल्या लोकांचं उन्हाळ्यातलं पाणीही याच बर्फातून येतं.

ठाण्याची_मावशी
बरोबर आहे, पण त्या बिचारीला उद्या निघायचंय. सई, गुरुवारचीच एवढी घाई का? ऑफिस असेल तर एक मेल टाकून मोकळी हो.

मुलुंडची_सई
मुलाचं बारावीचं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल शुक्रवारी सकाळी आहे. बुकिंग केलं तेव्हा पुढच्या आठवड्यात होतं, कॉलेजने तारीख अलीकडे घेतली. त्यात सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या उद्या सकाळपुरत्याच उरल्या आहेत.

सदाशिव_नाना
बारावीच्या वर्षात बर्फात खेळायला न्यायचं? आमच्या वेळी वर्षभर टीव्हीचं बटण दाबलं जात नसे.

पार्लेकर७
नाना, ती मदत मागतेय. बारावीच्या मुलाने चार दिवस बाहेर जाऊ नये असा नियम नाही.

केमिस्ट_काका
गोळ्यांचं आधी. पट्टीवरचं औषधाचं मूळ नाव बघा, टेल्मिसार्टन, अॅम्लोडिपिन असं काहीतरी असेल. तेच औषध तेवढ्याच मिलिग्रॅममध्ये दुसऱ्या कंपनीचंही चालतं. पट्टीचा आणि चिठ्ठीचा फोटो जवळ ठेवा. टंगमर्गला सरकारी रुग्णालय आहे, बाजारात मेडिकलही आहेत. डोस चुकवू नका, आणि अर्धी-अर्धी गोळी करून पुरवू तर अजिबात नका.
एक न विचारलेलं सांगतो. खोलीत बुखारी (लाकूड-कोळशाची शेगडी), कांगडी (निखाऱ्यांचं भांडं) किंवा गॅस हीटर असेल तर झोपताना बाहेर काढा किंवा बंद करा, आणि खिडकीला फट ठेवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. थंडी लागते म्हणून सगळं घट्ट बंद करून माणसं झोपतात आणि जीव जातो. दोन रजया जास्त मागून घ्या.

प्रयोगवही
मी ज्युनियर कॉलेजला शिकवते. प्रॅक्टिकल बॅचमध्ये होतात. शुक्रवारी एकच बॅच आहे का ते विचारा. शनिवारी किंवा सोमवारी दुसरी असेल तर प्राचार्य आणि बाहेरून येणारे परीक्षक यांच्या संमतीने मुलाला तिकडे बसवता येतं. आत्ताच कॉलेजला मेल करा, विमान रद्द झाल्याचा मेसेज जोडा, सीट नंबर लिहा. अगदीच जमलं नाही तर मंडळाची आउट ऑफ टर्न सोय आहे, म्हणजे प्रॅक्टिकल चुकलं तर ते लेखी परीक्षेनंतर देता येतं. तिला विभागीय मंडळाची परवानगी लागते आणि अर्ज कॉलेजमार्फत जातो. वर्ष जात नाही, मुलाला आधी हे सांगा. तो नक्की घाबरलेला असेल.

मुलुंडची_सई
खूप आभार. हे वाचून दाखवल्यावर तो निदान जेवला. मेल केला आहे. पण एअरलाइनच्या साइटवर तिकीट बदलायला गेले तर ओटीपी येतच नाही. हॉटेलच्या वायफायवर आहे.

पार्लेकर७
सिम प्रीपेड आहे का? बाहेरच्या राज्यातली प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाहीत, पोस्टपेडच लागतं. आणि तिकीट एजंटने काढलं असेल तर बुकिंगवर नंबरही त्याचाच असणार. ओटीपी त्याच्याकडे जातोय.

मुलुंडची_सई
हो, सगळ्यांचे प्रीपेड! दिरांचं एक पोस्टपेड आहे, त्यावरूनच फोन करतोय.

पार्लेकर७
मग मुंबईतल्या कोणा नातेवाइकाला पीएनआर पाठवा. त्याने कॉल सेंटरला बोलून संपर्काचा नंबर बदलून घ्यायचा. फोनवर स्पष्ट मागा: पूर्ण परतावा, नाहीतर जम्मूहून मुंबई. विमान त्यांनी रद्द केलं आहे, त्यामुळे परतावा किंवा पर्याय यातलं एक द्यावंच लागतं. हवामानामुळे रद्द झालं तर वरची भरपाई मिळत नाही, त्यावर भांडत बसू नका. एजंटचं तिकीट असलं तरी परताव्याची जबाबदारी एअरलाइनचीच. ऐकलं नाही तर एअरसेवा या सरकारी पोर्टलवर तक्रार.

स्वप्नाली_क
स्कीइंगच्या क्लाससाठी बूट भाड्याने घेतलेत की विकत? आम्ही फेब्रुवारीत जाणार आहोत. जैन जेवण मिळतं का?

ठाण्याची_मावशी
अगं, वेगळा धागा काढ.

नीलांबरी
क्लासवाल्यांकडून पैसे परत मागण्यापेक्षा पुढच्या वर्षी वापरता येतील असं लिहून घ्या. छोटी माणसं असतात, त्यांचीही कमाई याच दोन-तीन महिन्यांची. गंडोला (तिथला रोपवे) वाऱ्यामुळे बंद राहिला असेल तर त्या तिकिटांचा परतावा मात्र मागा, आम्हाला मिळाला होता.

मुलुंडची_सई
सगळ्यांसाठी: सकाळी साडेदहाला रस्ता उघडला. साखळीवाल्या दोन गाड्या केल्या. ड्रायव्हर एका वळणावर उतरून फावड्याने चाकापुढचा बर्फ ओढत होता, सासरे मोठ्याने रामरक्षा म्हणत होते. टंगमर्गला गोळ्या मिळाल्या, दुसऱ्या कंपनीच्या, तेच औषध. वंदे भारतची सहा तिकिटं एकत्र मिळत नव्हती, चार आजची आणि दोन उद्याची मिळाली. सासरे, मी आणि दोन्ही मुलं आज निघतोय. नणंदेने मुंबईतून कॉल सेंटरशी झगडून आम्हा चौघांना जम्मूहून गुरुवार दुपारचं विमान करून दिलं. कॉलेजचं उत्तर आलं, शनिवारच्या बॅचचंही बघतो म्हणाले. कटऱ्याहून रात्री जम्मूला टॅक्सीने निघावं का? की तिथेच मुक्काम करू?

घाटवाला
विमान दुपारचं आहे तर कटऱ्यालाच मुक्काम करा. स्टेशनजवळ हॉटेलं आहेत. सकाळी नाश्ता करून निघा, वाटेत गर्दी लागली तरी वेळ हाताशी राहतो.

प्रयोगवही
ट्रेनमध्ये मुलाला सॉल्ट अॅनालिसिसचा तक्ता वाचायला सांगा. वही सोबत नसेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, फोटो पाठवते.